विश्लेषण : मासे शोधणाऱ्या यंत्राला मासे का दिसत नाहीत? फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर नौकेला कुठे आणि कसा बसवावा?

मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ पंतप्रधानांच्या हस्ते ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश, एक लाख नौका आणि सुमारे ३६४ कोटी रुपये असा या योजनेचा आवाका आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढे, खोल समुद्रात मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी जावे आणि त्यांना प्राधान्य मिळावे, असा या नियमांचा रोख आहे. लांब जायचे म्हणजे डिझेल जास्त जळणार. एवढे डिझेल जाळून जिथे पोहोचलो तिथे खाली मासा आहे की नुसताच चिखल, हे जाळे टाकण्याआधी सांगणारे एकच यंत्र नौकेवर असते. ते म्हणजे फिशफाइंडर. मात्र महागडे यंत्र घेऊनही पडद्यावर नुसत्या रेघोट्या दिसतात, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा दोष यंत्रात नसतो. नौकेच्या तळाशी बसवलेल्या मुठीएवढ्या भागाची जागा चुकलेली असते.

ट्रान्सपॉन्डर वेगळा, ट्रान्सड्यूसर वेगळा…

नावे सारखी वाटत असल्याने गोंधळ होतो, म्हणून आधी हे वेगळे करू. इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपॉन्डर नौकेच्या केबिनच्या छतावर बसतो आणि आकाशाकडे पाहतो. नौका कुठे आहे हे तो उपग्रहामार्फत किनाऱ्यावर कळवतो. वादळाचा इशारा, सागरी सीमा जवळ आल्याची सूचना असे संदेश तो नौकेपर्यंत आणतो. छतावर मोकळे आकाश दिसेल अशी जागा मिळाली की त्याचे भागते.

ट्रान्सड्यूसर पाण्याखाली असतो आणि खाली पाहतो. फिशफाइंडरचा पडदा केबिनमध्ये तांडेलासमोर असला, तरी त्या यंत्राचे डोळे आणि कान दोन्ही हा ट्रान्सड्यूसरच. पडदा कितीही मोठा, रंगीत आणि महाग असो, तळाखालच्या या तुकड्याला जे ऐकू येते तेवढेच त्यावर उमटते. त्यामुळे छतावरच्या यंत्राला न लागणारा विचार इथे करावा लागतो. नौका लाकडाची आहे की फायबरची, इंजिन आत आहे की मागे टांगलेले, पंखा कुठल्या बाजूला फिरतो, ओहोटीला नौका वाळूवर टेकते का, जाळे कुठल्या अंगाने ओढतात, अशा सगळ्या गोष्टींवर त्याची जागा ठरते.

यंत्राला मासा दिसतो तो कसा?

सोनोग्राफी केंद्रात गेलेल्या कोणालाही याचे तत्त्व पटकन कळेल. ट्रान्सड्यूसर आपल्याला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनीचा ठोका खाली सोडतो. तो समुद्रतळावर किंवा वाटेतल्या माशावर आपटून परत येतो आणि जाऊन येण्याच्या वेळेवरून यंत्र खोली काढते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. म्हणजे ३० मीटर, साधारण १६ वाव खोलीवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. पूर्वी शिशाचा गोळा दोरीला बांधून जी खोली मोजत, ती आता सेकंदाला अनेक वेळा मोजली जाते.

माशाकडून परत येणाऱ्या आवाजाचा बहुतांश भाग त्याच्या मांसावरून किंवा हाडांवरून येत नाही. तो येतो पोटातल्या हवेच्या पिशवीवरून, म्हणजे आपल्याकडे ज्याला बोत किंवा भोत म्हणतात त्या अवयवावरून. सप्टेंबर २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातील नौकेला १५७ घोळ मासे मिळाले आणि ते सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना विकले गेले, ही बातमी अनेकांना आठवत असेल. ती किंमत प्रामुख्याने या बोताची होती. बाजारात ज्या अवयवाला सोन्याचा भाव येतो, तोच अवयव फिशफाइंडरलाही सर्वांत ठळक दिसतो. याउलट बोंबील आणि सुरमई यांना ही पिशवीच नसते. त्यांचा प्रतिध्वनी दुबळा असतो. त्यामुळे पडद्यावर काही दिसले नाही म्हणजे खाली काही नाही, असे समजणे चूक ठरते. बोंबलासाठी डोल लावणाऱ्याला या यंत्राचा उपयोग मासे पाहण्यापेक्षा खोली आणि तळ पाहण्यासाठी जास्त, हे विक्रेत्याने खरे तर आधीच सांगायला हवे.

बुडबुड्यांमुळे काय बिघडते?

ज्या कारणाने बोत ठळक दिसते, त्याच कारणाने बुडबुडे घात करतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी जवळपास पूर्ण परावर्तित होतो. माशाच्या पोटातली हवा आपल्याला हवी असते, पण ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी जमलेली हवा नको असते. सोनोग्राफीपूर्वी पोटावर गार जेल लावतात तेही याचसाठी. त्वचा आणि यंत्र यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी चित्र उमटत नाही.

नौका चालू लागली की तिच्या तळाखाली हवा सतत ओढली जाते. नाळ पाणी कापते तिथे फेस होतो आणि तो तळाला चिकटून मागे सरकतो. बाहेर आलेले बोल्टचे डोके, फळीची वर आलेली कड, इंजिन थंड करण्यासाठी पाणी घेण्याचे भोक, पाणी बाहेर टाकण्याची नळी अशा प्रत्येक अडथळ्यामागे भोवरे आणि बुडबुड्यांची शेपटी तयार होते. पंख्याच्या आसपास तर पाणी दुधाळ होते. ट्रान्सड्यूसर या शेपटीत सापडला की ध्वनी खाली जाण्याआधीच परत येतो. बंदरात उभी असताना नौकेवरचे यंत्र तळ स्वच्छ दाखवते आणि वेग घेतला की तळाची रेघ तुटते, ती या कारणाने.

मग योग्य जागा कोणती?

पाणी शांत, नौका डोलली तरी पाण्याबाहेर न येणारी, पंख्यापासून लांब, पुढे कुठलाही अडथळा नसलेली, आणि ट्रान्सड्यूसरचे तोंड सरळ खाली राहील अशी जागा, एवढ्या अटी आहेत. सांगायला सोप्या वाटतात, पण प्रत्येक नौकेवर त्या एकमेकींशी भांडतात.

सर्वांत जास्त घोळ यंत्रासोबत आलेल्या माहितीपत्रकामुळे होतो, असे माझे मत आहे. स्वस्त फिशफाइंडरच्या खोक्यातले चित्र बहुधा मागे आउटबोर्ड इंजिन टांगलेल्या वेगवान फायबर बोटीचे असते. त्यात ट्रान्सड्यूसर नौकेच्या अगदी मागच्या उभ्या फळीवर स्क्रूने बसवलेला दिसतो. त्या बोटीसाठी ते बरोबरच आहे. आउटबोर्डचा पंखा मागच्या फळीच्याही पाठीमागे असतो, त्यामुळे फळीवरच्या ट्रान्सड्यूसरपर्यंत त्याचा फेस पोहोचत नाही. तरीही पंख्यापासून बाजूला किमान ४० सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि तोंड तळाच्या पातळीच्या किंचित खाली असावे, अशी काळजी घ्यावी लागते.

कोकणातला ट्रॉलर किंवा मोठी गिलनेट नौका ही वेगळी गोष्ट आहे. तिचे डिझेल इंजिन पोटात असते आणि दांडा तळातून मागे जाऊन पंखा नौकेच्या मागच्या भागाखाली फिरतो. तिथे मागच्या फळीवर ट्रान्सड्यूसर लावणे म्हणजे पंख्याने घुसळलेल्या पाण्यातच कान ठेवण्यासारखे. अशा नौकेसाठी ती सर्वांत वाईट जागा आहे. तरी चित्रात तसे आहे आणि दोन स्क्रूंत काम होते, म्हणून तो तिथेच जातो.

संथ चालणाऱ्या, पोटात इंजिन असलेल्या नौकेसाठी ट्रान्सड्यूसर बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण सल्ला असा : नौकेची जेवढी लांबी पाण्याला टेकते, तिच्या पुढच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर जागा निवडावी. नाळेच्या फार जवळ गेलो तर लाटेवर तो भाग उचलला जातो आणि फेसही तिथेच होतो. फार मागे गेलो तर इंजिनाचा थरथराट आणि पंखा. तळातल्या मधल्या कण्यापासून, म्हणजे कीलपासून, तो १५ ते ३० सेंटीमीटर बाजूला असावा. फार जवळ असेल तर कील ध्वनीच्या झोताला आडवी येते. फार दूर असेल तर नौका कलंडताना तो पृष्ठभागाजवळ येतो.

उजवीकडे की डावीकडे? मागून पाहिल्यास पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल, तर उजव्या अंगाला पाती खाली जातात आणि डाव्या अंगाला वर येतात. वर येणारी पाती घुसळलेले पाणी तळाकडे फेकतात, म्हणून पाती खाली जाणारी बाजू निवडतात. पंखा उलटा फिरणारा असेल तर बाजूही उलटी. हे कागदावर पाहून ठरवू नये. नौका वर ओढलेली असताना पंखा हाताने फिरवून, इंजिनवाल्याला विचारून खात्री करून घ्यावी.

यातही भोक पाडण्याआधी एक दिवस वाया घालवणे शहाणपणाचे ठरते. ट्रान्सड्यूसर एका मजबूत लोखंडी नळीच्या टोकाला बांधून नौकेच्या कडेने पाण्यात सोडायचा, दोन-तीन ठिकाणी धरून पाहायचा, आणि प्रत्येक ठिकाणी मंद वेगात, नेहमीच्या वेगात व जाळे ओढतानाच्या वेगात पडदा कसा दिसतो ते टिपून ठेवायचे. कडेचे पाणी आणि तळाखालचे पाणी तंतोतंत सारखे नसते. तरी नौकेच्या लांबीत फेस कुठे सुरू होतो याचा अंदाज यातून येतो.

लाकडी नौकेला भोक पाडावे का?

इथे खरी घालमेल आहे. ज्या तळावर पाच-सात माणसांचा जीव आणि कर्जाचा डोंगर तरंगतो, त्याला यंत्रासाठी भोक पाडायचे, ही कल्पनाच नाखवाला रुचत नाही. त्याची भीती रास्त आहे. पण लाकडातून ध्वनी नीट पार जात नाही, त्यामुळे ट्रान्सड्यूसर आतून चिकटवण्याचा मार्ग लाकडी नौकेला बंद असतो. उरतात दोन पर्याय : तळाला भोक पाडून आरपार बसवणे, किंवा बाहेरून नळीवर टांगणे.

आरपार बसवायचा तर धातूचा प्रश्न आधी येतो. लाकडी तळाला कांस्याचा ट्रान्सड्यूसर घ्यावा, प्लास्टिकचा घेऊ नये. लाकूड पाण्यात गेल्यावर फुगते आणि त्या दाबाने प्लास्टिकची मान तडकू शकते. बंदीच्या दोन महिन्यांत शाकारून ठेवलेल्या, पूर्ण वाळलेल्या नौकेत भोक बरोब्बर बसले, म्हणून पाण्यातही ते तसेच राहील असे नाही. त्यामुळेच आतली चकती घट्ट आवळण्याआधी लाकडाला फुगू द्यावे, असे उत्पादक सांगतात. स्वस्त म्हणून घेतलेला प्लास्टिकचा तुकडा अशा वेळी नौकेतला सर्वांत महाग भाग ठरू शकतो. पोलादी नौकांचे गणित उलटे आहे. तिथे कांस्य आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकत्र आले की गंज धावतो, म्हणून तिथे पोलादाशी जुळणारा धातू लागतो.

भोक फळीच्या मधोमध घ्यावे, दोन फळ्यांच्या सांध्यावर नको. सांध्यात भरलेला कापूस एकदा हलला की गळती कुठून होते हे शोधण्यात हंगाम जातो. आतल्या बरगड्यांपासूनही अंतर हवे, नाहीतर चकती आवळायला पाना फिरत नाही. आधी आतून बारीक भोक पाडून ते बाहेर कुठे निघते ते पाहावे. जागा मनासारखी असेल तरच बाहेरून मोठे भोक घ्यावे.

त्यानंतर तळाचा उतार. नौकेचा तळ कीलपासून दोन्ही बाजूंना वर चढत जातो. ट्रान्सड्यूसर तसाच तळाला टेकवला तर त्याचे तोंड तिरपे होते. त्यावर उपाय म्हणजे उताराच्या मापाने तिरपा कापलेला ठोकळा. एकच ठोकळा तिरपा चिरून त्याचा एक तुकडा बाहेर तळाखाली आणि दुसरा आत चकतीखाली घालतात. मग मधली मान उभी सरळ राहते आणि आतली चकतीही सपाट बसते. कामात मुरलेल्या सुताराला हे एका नजरेत समजते. त्यामुळे हे काम फक्त यंत्र विकणाऱ्या दुकानाच्या मुलावर सोपवण्यापेक्षा नौका बांधणाऱ्या सुताराला बरोबर घ्यावे. एकाला वायर कळते, दुसऱ्याला लाकूड.

सांधा भरायला समुद्री कामाचा पॉलियुरेथेन सीलंट वापरतात. नौका पाण्यात उतरवल्याबरोबर आत उतरून भोकाभोवती हात फिरवून पाहावा. गळती अगदी बारीक असेल तर लगेच दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी नौका तासन् तास एकटी सोडू नये.

फायबरच्या नौकेचे काय?

भरीव फायबरचा तळ असेल तर भोक न पाडताही काम होते. आतल्या बाजूने तळ घासून, पुसून, इपॉक्सीत ट्रान्सड्यूसर चिकटवतात आणि ध्वनी फायबरमधून आरपार जातो. मात्र चिकटवताना एकही बुडबुडा अडकता कामा नये. शिवाय थोडी ताकद फायबरमध्ये जिरतेच. तळात फोम किंवा प्लायवूडचा थर असेल, किंवा लाकडावर फायबर चढवलेले असेल, तर हा उपाय चालत नाही. विकत घेताना ‘फायबरची बोट’ एवढेच सांगितलेले असते, आत काय आहे ते कोणी सांगत नाही. ते बांधणाऱ्याकडूनच काढून घ्यावे लागते.

लहान होडी आणि वाळूवरची रोजची ओढाताण…

आपल्या किनाऱ्यावरची मोठी अडचण परदेशी पुस्तिकांत सापडत नाही. तिथल्या नौका जेटीला बांधलेल्या असतात. आपल्याकडे असंख्य होड्या रोज वाळूवर ओढल्या जातात. मुंबईच्या आसपास उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, त्यामुळे खाडीतल्या नौका ओहोटीला चिखलात टेकतात आणि कलंडतात. तळाखाली बाहेर आलेला कोणताही तुकडा अशा वेळी पहिला मोडतो, आणि आरपार बसवलेला असेल तर मोडताना भोकही उघडे करतो.

अशा होड्यांना नळीवरचा ट्रान्सड्यूसर हाच व्यवहार्य मार्ग आहे, असे मला वाटते. एका उभ्या नळीच्या टोकाला तो घट्ट बसवायचा आणि नळी होडीच्या काठाला अशी पकडायची की किनारा जवळ आला की ती वर फिरवून घेता येईल. जाळे ज्या बाजूने ओढले जाते, तिच्या विरुद्ध बाजूला ती असावी. नाहीतर पहिल्याच दिवशी जाळ्यात गुंतते. तोंड पाण्याखाली किमान हातभर असावे. नळी बारीक असेल तर वेगात थरथरते आणि तिच्याभोवतीच फेस होतो, म्हणून मासे शोधताना वेग कमी ठेवावा लागतो. ही पद्धत दिसायला गावठी आहे. पण ती दुरुस्त करता येते, बदलता येते आणि तिच्यामुळे होडी बुडत नाही.

दहा अंश तिरपे म्हणजे किती?

कागदावर दहा अंश फार वाटत नाहीत. पण ३० मीटर खोलीवर ट्रान्सड्यूसर दहा अंशांनी तिरपा असेल, तर त्याच्या झोताचा मध्य नौकेखालून पाच मीटरहून अधिक बाजूला सरकतो. ७५ मीटर खोलीवर हा फरक १३ मीटरच्या पुढे जातो. मासा नौकेखाली आहे असे समजून जाळे सोडायचे आणि तो प्रत्यक्षात बाजूला, असे होते. तळाचा प्रतिध्वनीही तिरपा येत असल्याने खोली जास्त दाखवली जाते.

खोलीचा आणखी एक मुद्दा अनेक जण विसरतात. यंत्र खोली मोजते ती ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून. कील त्याच्याही खाली अर्धा मीटर असेल, तर पडद्यावर दीड मीटर दिसताना प्रत्यक्षात कीलखाली एकच मीटर पाणी उरलेले असते. हा फरक यंत्राच्या सेटिंगमध्ये एकदा भरून ठेवता येतो. सातपाटी, वर्सोवा यांसारख्या बंदरांत गाळाचा प्रश्न जुना आहे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडातून आत येताना हा अर्धा मीटर जिवाशी खेळू शकतो.

५० की २०० किलोहर्ट्झ?

यावर दुकानात बरीच चर्चा होते, पण आपल्या किनाऱ्यापुरते उत्तर अवघड नाही. कमी कंप्रतेचा ध्वनी खोल जातो आणि पसरतो. जास्त कंप्रतेचा कमी खोल जातो, पण बारकावे दाखवतो. २०० किलोहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरचा झोत २० अंशांचा धरला, तर ३० मीटर खोलीवर तळाचा साडेदहा मीटर व्यासाचा गोल दिसतो. ५० किलोहर्ट्झचा झोत ४५ अंशांचा असेल तर तोच गोल सुमारे २५ मीटरचा होतो. मोठा गोल म्हणजे जास्त मासे, असे वाटते. पण देवगड-मालवणकडच्या खडकाळ तळावर रुंद झोतात खडकाचा माथा आधी दिसतो आणि खडकाच्या आडोशाला बसलेला मासा त्याच्या प्रतिध्वनीत लपतो.

मुंबईसमोर उथळ समुद्र खूप दूरवर पसरला आहे. बॉम्बे हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, तरी तिथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपासच आहे. म्हणजे आज बहुतेक नौका जिथे जातात तिथे २०० किलोहर्ट्झ पुरेसा आहे. नव्या नियमांचा लाभ घेऊन कोणी खरोखर खंडमंचाच्या काठापलीकडे गेला, तर मात्र ५० लागेल. दोन्ही कंप्रता असलेला ट्रान्सड्यूसर घेतला तर हा प्रश्न संपतो, फक्त त्याचा आकार मोठा असतो आणि म्हणून बसवण्याची जागा आणखी काळजीने निवडावी लागते.

दोष यंत्राचा की जागेचा, हे कसे ओळखावे?

नौका उभी असताना तळ स्पष्ट आणि वेगात गायब, तर जागा किंवा कोन चुकला आहे. उभी असतानाही चित्र खराब असेल, तर तोंडावर शेवाळ किंवा शिंपले चढले आहेत का ते पाहावे, मग वायर आणि जोडण्या. इंजिन सुरू केल्यावर पडद्यावर सारख्या अंतराने ठिपके किंवा रेषा येत असतील, तर विजेचा गोंगाट आहे. ट्रान्सड्यूसरची वायर इंजिनाच्या वायरींसोबत एकाच गठ्ठ्यात ओवलेली असते, किंवा यंत्र इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवरच जोडलेले असते. वायर वेगळी न्यावी, उरलेली कापून छोटी करू नये, आणि जमल्यास यंत्राला स्वतंत्र बॅटरी द्यावी. शेजारच्या नौकेचे यंत्र त्याच कंप्रतेवर चालू असले तरीही असेच ठिपके येतात. ती लांब गेली की ते जातात.

रंगकामाचेही एक पथ्य आहे. हंगामाआधी नौकेच्या तळाला रंग देताना रंगारी ट्रान्सड्यूसरवरही तोच हात मारतो. तेलकट, सॉल्व्हंटयुक्त रंगाने त्याचे प्लास्टिकचे तोंड खराब होते. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या शेवाळरोधक रंगाचा पातळ हात पुरतो.

सरकारी योजनांत हे कुठे बसते?

निळ्या क्रांतीच्या योजनेत मच्छीमारांच्या सुरक्षा संचात जीपीएस, जीवनरक्षक जॅकेट यांच्या जोडीला फिशफाइंडरचाही समावेश होता. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही नौकांवरील साधनांसाठी अर्थसाहाय्य आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रह नोंदींवरून मासे मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती मराठीतही देते. किनाऱ्यापासून किती अंतरावर, कोणत्या दिशेला, किती खोलीवर, एवढे त्यात असते. उपग्रहाला दिसतो तो समुद्राचा पृष्ठभाग. त्या ठिकाणी पोहोचल्यावर खाली खरोखर काही आहे का, हे पाहण्याचे काम नौकेवरच्या यंत्राचेच राहते. उपग्रह, संगणक, संदेश एवढी साखळी जोडून शेवटचा दुवा पंख्याच्या फेसात टांगलेला असेल, तर आधीच्या खर्चाचे मोल कमी होते.

साधन दिले की योजना पूर्ण झाली, असे आपल्याकडे मानले जाते. छतावरच्या ट्रान्सपॉन्डरच्या बाबतीत ते बरेचसे चालूनही जाते. फिशफाइंडरला मात्र साधनाइतकेच महत्त्व बसवणीला द्यायला हवे. अनुदानाच्या मागणीसोबत बिलाची प्रत घेतात, तसा नेहमीच्या वेगात चालणाऱ्या नौकेवरच्या पडद्याचा एक फोटो घेतला, तरी निम्म्या चुका तिथेच उघड होतील. वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी येथील मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रांत नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवली जाते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात, नौका वर असताना, तिथे सुतार आणि तांडेल यांना एकत्र बसवून बसवणीचे दोन दिवसांचे प्रात्यक्षिक ठेवता येण्यासारखे आहे.

जास्त दिसले की जास्त मिळते का?

मिळतेच असे नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील सागरी मासळीचे उत्पादन सुमारे २ लाख १ हजार टनांवर आले होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार तो ४५ वर्षांतील नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे मासेमारीचे दिवसही कमी झाले होते. यंत्र मासे निर्माण करत नाही. उलट मोठ्या पर्ससीन नौकांकडे सगळ्या दिशांना पाहणारे सोनार आणि लहान होडीकडे तळ चुकवणारा फिशफाइंडर, अशी विषमता असेल तर उरलेली मासळीही आधी मोठ्यांच्याच जाळ्यात जाते. पर्ससीनवर हंगामाची आणि परवान्यांच्या संख्येची मर्यादा घालणारा राज्याचा आदेश फेब्रुवारी २०१६ चा आहे आणि त्याच्या अंमलबजावणीवरून पारंपरिक मच्छीमारांची आंदोलने तेव्हापासून सुरूच आहेत.

लहान नौकेच्या हिशेबात या यंत्राचा खरा फायदा मासळीपेक्षा डिझेलमध्ये दिसतो. खाली काही नाही हे खात्रीने कळले, तर जाळे न टाकता पुढे जाता येते, किंवा वेळेत परत फिरता येते. ती खात्री चालत्या नौकेवरही तळाची रेघ सलग दिसत असेल तरच मिळते. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर नौका पहिल्यांदा बाहेर काढताना बंदराबाहेर खोली माहीत असलेल्या जागेवरून तीन वेगवेगळ्या वेगांनी जाऊन पडदा पाहावा. रेघ तुटत असेल, तर ट्रान्सड्यूसर बोटभर खाली-वर किंवा बाजूला सरकवून तीच फेरी पुन्हा मारावी. नळीवर टांगलेला असेल तर हे काम अर्ध्या तासाचे आहे. आरपार बसवलेला असेल, तर ते पुढच्या जूनपर्यंत थांबते.